तीन बाटल्यांचं विरजण

विरजण दुधाला लावतात आणि उत्साहावर पडतं. एकाच शब्दाची ही दोन कामं आपल्याला खटकत नाहीत, कारण त्यातलं एक वाक्य स्वयंपाकघरात राहतं आणि दुसरं बैठकीच्या खोलीत. गेल्या दीड वर्षात बेल्जियन धर्तीची आंबट बिअर घरी करताना मात्र दोन्ही वाक्यं एकाच बुधल्यात येऊन बसली. ज्या जिवाणूंचा साध्या बिअरच्या कारखान्यात धसका घेतलेला असतो, ज्यांच्यासाठी तिथे नळ्या-टाक्या रोज औषधाने धुतात, तेच जिवाणू इथे मुद्दाम, निवडून, पैसे मोजून आणायचे. कोणते आणायचे, कुठून आणायचे आणि कोणाला आधी आत सोडायचं हा या खटाटोपातला खरा प्रश्न. बाकी सगळं पाणी उकळणं आणि भांडी घासणं.

आम्ही बेल्जियममध्ये ल्युव्हेनला राहतो. नवऱ्याचं विद्यापीठात संशोधनाचं काम आहे. माझं कन्नडमधून मराठीत अनुवाद करण्याचं, जे कुठेही बसून होतं. महाराष्ट्रात असते तर हा उद्योग केला नसता, तिथे परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे. इथे मोड आणून वाळवलेले जव, हॉप्स, यीस्टची पाकिटं असं सगळं दुकानात मिळतं आणि विचारणाऱ्याला दुकानदार वर दोन सल्लेही देतो. ल्युव्हेन हे स्टेला आर्त्वाचं गाव. एकाच यीस्टची, स्वच्छ, पिवळीधमक, जगात कुठेही त्याच चवीची बिअर. आणि इथून पंचवीसेक किलोमीटरवर ब्रसेल्स, त्याच्या नैर्ऋत्येला झेन्ने नदीचं खोरं आणि पायोटनलंडची शेती, जिथे लॅम्बिक नावाची बिअर होते, जिच्यात कोणी यीस्ट घालतच नाही.

लॅम्बिकसाठी मोडाचे जव आणि किमान तीस टक्के बिनमोडाचा गहू घेतात. त्याचं गोड पाणी काढतात, त्याला वर्ट म्हणतात. ते तासन्‌तास उकळतात, त्यात काही वर्षं जुने, सुवास गेलेले हॉप्स घालतात. वासासाठी नव्हे, नको ते जिवाणू दाबून ठेवण्यासाठी. मग हे उकळतं पाणी माळ्यावरच्या एका प्रचंड, उथळ, परातीसारख्या टाकीत ओततात आणि खिडक्या उघड्या टाकून रात्रभर निवायला ठेवतात. साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच महिन्यांत, कारण उन्हाळ्यातल्या हवेत नको ती मंडळी फार असतात. सकाळी ते लाकडी पिंपांत भरतात आणि एक ते तीन वर्षं विसरून जातात. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरली की ती ग्यूझ. ब्रसेल्सच्या अँडरलेख्त भागातली कांतियों ही ब्रुअरी १९०० सालापासून हेच करते आहे. आत गेलं की आधी जाणवतात ती कोळ्यांची जाळी. ती झाडत नाहीत; फळांवरच्या माश्यांचा बंदोबस्त कोळी करतात.

पिंपात काय घडतं हे ल्युव्हेनच्याच विद्यापीठात १९७०च्या दशकात ह्युबर्ट व्हेराख्टर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडलं. पुढे २०१४मध्ये गेंटच्या संशोधकांनी ब्रसेल्समधल्या एका ब्रुअरीची पिंपं दोन वर्षं तपासून जनुकीय पद्धतींनी ते पुन्हा पाहिलं. चित्र थोडक्यात असं. पहिल्या महिन्यात आतड्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद येतात आणि वर्टला सांडपाण्याचा वास आणतात. मग सॅकरोमायसीस, म्हणजे आपलं ओळखीचं पाव-बिअरचं यीस्ट, येऊन बहुतेक साखरेचं मद्य करतं. त्याच्या जोडीला पेडिओकॉकस नावाचा जिवाणू सावकाश, महिनोन्‌महिने आम्ल तयार करत बसतो. आणि सगळे दमले, खायला काही उरलं नाही असं वाटायला लागलं की सहाएक महिन्यांनी ब्रेटानोमायसीस डोकं वर काढतं. इतर यीस्टना न पचलेल्या लांब साखळीच्या साखरा ते खातं, पिंपाच्या लाकडातली साखरही खातं, आणि पुढची दोन वर्षं बिअर त्याच्याच ताब्यात असते. कोणीही कोणाला बोलावलेलं नाही, तरी क्रम दर वर्षी साधारण तोच.

घरी करणाऱ्याला हा क्रम पाहून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे आपल्याला एक जीव निवडायचा नाही, पंगत बसवायची आहे. दुसरी म्हणजे चव निवडणं हे फार तर निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे आपल्याकडे वेळ किती आहे याचा हिशोब.

घाई असेल त्याच्यासाठी एक वाट आहे. उकळलेलं वर्ट चाळीसेक अंशांवर आणून त्यात लॅक्टोबॅसिलसची पूड टाकायची, झाकून ऊबेत ठेवायचं. एक-दोन दिवसांत ते दह्याच्या निवळीसारखं आंबट होतं. मग पुन्हा उकळून जिवाणू मारायचे आणि साधं यीस्ट घालायचं. तीन आठवड्यांत बिअर तयार. याहून सोपं हवं असेल तर आता लॅकांसिया हे यीस्ट मिळतं, जे एकटंच मद्यही करतं आणि आम्लही. बाजारात आलेला त्याचा वाण फिलाडेल्फियातल्या एका कबरस्तानातल्या झाडावरून मिळवला होता. दोन्ही प्रकार मी इथल्या मित्रांकडे प्यायले आहेत. वाईट नाहीत. लिंबू पिळलेल्या वरणासारखी, आंबटपणा वरून आला आहे हे कळतं. वरण म्हणून छान, पण मला आमटी हवी होती, चिंचेत शिजलेली.

सावकाशीच्या वाटेवरची पाकिटं उघडायला लागले तेव्हा मी अडकले ती नावांत. हा व्यवसायाचा दोष असेल. नाव वाचलं की ते कुठून आलं हे पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

१८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं. तोवर जगातलं सगळंच यीस्ट सरमिसळ होतं, त्यामुळे ‘जंगली यीस्ट’ या शब्दाला फारसा अर्थ नव्हता. एक पाळीव झालं आणि त्या दिवसापासून उरलेली सगळी जंगली ठरली. वीसेक वर्षांनी, १९०४मध्ये, त्याच प्रयोगशाळेतल्या हेल्टे क्लाउसेन यांनी मुरवलेल्या इंग्रजी बिअरमध्ये एक सावकाश वाढणारं यीस्ट शोधलं. त्या बिअरची खरी इंग्रजी चव त्याच्यामुळेच येते असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून नाव ठेवलं ब्रेटानोमायसीस, ब्रिटिश बुरशी. १९२१मध्ये लॅम्बिकमध्ये तसंच यीस्ट सापडलं तेव्हा त्याला ब्रुक्सेलेन्सिस, ब्रसेल्सवासी, हे पुढचं नाव मिळालं. म्हणजे एका डॅनिश माणसाने ओळखलेली ब्रसेल्सची ब्रिटिश बुरशी. ब्रिटिशांनी नंतर तिला आपल्या बिअरमधून जवळजवळ हद्दपार केलं. द्राक्षाची वाइन करणारे तिचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. बेल्जियममध्ये ती नांदते आहे.

पाकिटांवर ब्रेटानोमायसीस लॅम्बिकस असंही एक नाव दिसतं. शास्त्राच्या हिशोबात ही वेगळी जात नाही, ब्रुक्सेलेन्सिसच आहे. पण पाकिटं विकणाऱ्यांनी ते नाव सोडलेलं नाही, कारण त्या दोन पाकिटांची बिअर खरोखर वेगळी लागते. याच्या उलटही झालं आहे. एका नामांकित अमेरिकन कंपनीचं एक ‘ब्रेटानोमायसीस’ घरी बिअर करणाऱ्यांचं फार लाडकं होतं. आंबा-अननसाचा वास देणारं, पटकन काम करणारं. दहाएक वर्षांपूर्वी त्याची जनुकं वाचली तेव्हा ते ब्रेटानोमायसीस नव्हतंच, साधं सॅकरोमायसीस निघालं. कंपनीने पुढचं नाव तेच ठेवून आडनाव बदललं. बिअर अर्थातच जशी होती तशीच होत राहिली. लॅक्टोबॅसिलसच्या घराण्यात तर २०२० साली वाटणीच झाली. शास्त्रज्ञांनी त्या एका आडनावाची मंडळी २५ आडनावांत वाटून टाकली. आपल्या दह्याशी संबंधित डेलब्रुकीला जुनं आडनाव राखता आलं; बिअर आंबवणारे ब्रेव्हिस आणि प्लांटारम लेव्हिलॅक्टोबॅसिलस, लॅक्टिप्लांटिबॅसिलस असे जिभेला वळसे देणारे झाले.

या वाचनाचा मला एक उपयोग झाला. पाकिटावरच्या नावाकडे मी जातीचा दाखला म्हणून पाहायचं सोडून दिलं. हा वाण कोणाच्या घरातून आला, तिथे तो काय करत होता आणि कोणाच्या संगतीत होता, एवढंच विचारायला लागले.

आईला व्हिडिओ कॉलवर मी हे सगळं सांगत होते. तिला बिअरमध्ये काडीचा रस नाही, पण आंबवण्यात आहे.

“मग दह्याचंच विरजण घाल ना चमचाभर,” ती म्हणाली.

मी सांगितलं, दह्यातला जिवाणू दुधातल्या साखरेवर वाढलेला असतो. जवाच्या पाण्यात मुख्यतः माल्टोज असतं, ते त्याला खाता येत नाही.

“बरं. मग तू कुठून आणणारेस?”

“दुकानातून. पाकीट मिळतं.”

“विरजण दुकानातून? शेजारी कोणी राहत नाही का?”

मी हसले, पण फोन ठेवल्यावर तेच डोक्यात राहिलं. आमच्या लहानपणी विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जायचं, यात कमीपणा नव्हता. साखर मागताना आईला थोडं अवघडायचं. विरजण मागताना नाही, कारण ते दिल्याने देणाऱ्याचं काही कमी होत नाही. आणि उद्या तिचं विरजण बिघडलं तर आपल्याचकडून तिला परत नेता येतं.

आपल्या भाषांनी या चमचाभर वस्तूला काय काय म्हटलं आहे ते पाहण्यासारखं आहे. हिंदीत जामन, म्हणजे जे जमवतं, घट्ट करतं. गुजरातीत मेळवण, जे मिसळतं. कन्नडमध्ये हेप्पु. तेलुगूत ‘तोडु’, आणि हाच शब्द तिथे सोबतीसाठी आहे. दुधाला सोबत देतात, मग त्याचं दही होतं. पाठ्यपुस्तकी मराठीत यीस्टला आणि आंबवण्याला ‘किण्व’, ‘किण्वन’ म्हणतात. ऐकायला परिभाषा मंडळाच्या बैठकीत घडवलेला शब्द वाटतो, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्व आहे, उडीद आणि तांदूळ घालून केलेलं, दारूला लावायचं विरजण. शाळेच्या पुस्तकात येता येता त्याची दारू उतरली. हे सगळे शब्द चांगलेच आहेत. पण उत्साहावर पडण्याची सोय एकट्या मराठीने ठेवली आहे, आणि आंबट बिअर करताना तीच मला जवळची वाटते. सुरुवात करून देणारी वस्तू आणि बिघडवून टाकणारी वस्तू एकच असते हे या बिअरबद्दल अक्षरशः खरं आहे.

बेल्जियममध्ये बिअरवालेही विरजण मागत आले आहेत. वेस्टव्हलेटेरनच्या मठातले साधू आपल्या बिअरचं यीस्ट वेस्टमालच्या मठातून आणतात. पश्चिम फ्लँडर्समधल्या एसेन गावची डे डोले ही छोटी ब्रुअरी वर्षानुवर्षं रोडेनबाखकडून यीस्ट आणायची. १९९८मध्ये रोडेनबाखची मालकी बदलली आणि त्यानंतर ती देवघेव थांबली. डे डोलेवाल्यांना आपल्याच साठ्यातून आपलं विरजण उभं करावं लागलं. त्यांच्या बिअरची चव बदलली असं जुने गिऱ्हाईक म्हणतात. वाटी घेऊन गेलं आणि दार बंद दिसलं, असा तो प्रसंग.

रोडेनबाखचं नाव निघालंच आहे तर पाकिटाकडे येते. रोडेनबाख ब्रुअरी रूसलारे गावात आहे. तिथे तांबडी आंबट बिअर जवळपास तीनशे अजस्र ओक पिंपांत दोन वर्षं मुरते, आणि मग कोवळ्या बिअरमध्ये मिसळून विकली जाते. घरी करणाऱ्यांसाठी ‘रूसलारे’ याच नावाचं एक मिश्रण मिळतं. पाकिटावर गावाचं नाव आहे, ब्रुअरीचं नाही. त्यात साधं बेल्जियन यीस्ट, शेरी वाइनचं यीस्ट, दोन प्रकारचं ब्रेटानोमायसीस, लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस असे सगळे एकत्र असतात. चव पूर्ण यायला अठरा महिन्यांपर्यंत लागतात असं पाकीटवालेच सांगतात. रोडेनबाखच्या बाटलीतून थेट विरजण घेता येत नाही, ती पाश्चरीकृत असते. आतले सगळे मेलेले. म्हणून पाकीट.

दुसरी वाट उघड्या हवेची. हिवाळ्यात गच्चीवर पातेलं ठेवून रात्रभर वाट पाहायची. मला ती पटली नाही. हवेतून पहिले पाहुणे येतात हे खरं, पण ज्यांच्यावर बिअर उभी राहते ते बहुतांशी त्या ब्रुअरीच्या लाकडात, पिंपांच्या फटींत, तुळयांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे रहिवासी असतात. शंभर वर्षं नांदत्या घराची खिडकी उघडणं आणि भाड्याच्या फ्लॅटची गच्ची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात आमच्या गच्चीला लागून शेजाऱ्यांच्या कचऱ्याचे डबे आहेत.

तिसरी वाट बाटलीच्या तळाची. खऱ्या ग्यूझच्या बाटलीत, म्हणजे कांतियों, बून, ड्री फोंटायनेन अशांच्या, बिअर जिवंत असते. गोड केलेली, पाश्चरीकृत ग्यूझ चालत नाही. तळाला बसलेल्या पांढुरक्या गाळात सॅकरोमायसीस बहुतेक मेलेलं असतं, पण ब्रेट आणि पेडिओकॉकस तग धरून असतात. बाटली फार जुनी नको. न हलवता बिअर ओतून घ्यायची, शेवटची दोन बोटं ठेवायची, बाटलीचं तोंड ज्योतीवर फिरवायचं आणि गाळ वर्टमध्ये रिकामा करायचा.

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहतात. त्यांच्या तळघरात ग्यूझच्या बाटल्या आडव्या रचलेल्या असतात, रविवारी एक उघडतात. मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये त्यांना विचारलं की पुढच्या तीन रविवारी तळाची दोन बोटं मला ठेवाल का. त्यांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली की मला बिअर नको आहे, गाळच हवा आहे. “चाळीस वर्षं आम्ही तो मोरीत ओततो आहोत,” ते म्हणाले. तीन रविवारी तीन बाटल्या, तोंडाला चांदीचा कागद गुंडाळून, आमच्या दाराशी आल्या.

आईचा खरा प्रश्न मात्र नंतरच्या रविवारी आला. लागायला किती दिवस, तिने विचारलं. मी म्हटलं, दीड वर्ष तरी, दोन धर.

“तोवर असाल तुम्ही तिथे?”

नवऱ्याचा करार तेव्हा एका वर्षाचा होता. वाढेल असं सगळे म्हणत होते, लिहून कोणी दिलं नव्हतं. त्यामुळे आमच्या घरात सगळ्याच वस्तू वर्षाच्या मापाने येतात. झाडं कुंडीतलीच, खुर्च्या जुन्या बाजारातल्या, ग्रंथालयाचं वर्गणीपत्र सहा महिन्यांचं. एका वर्षाच्या माणसाने दोन वर्षांचं विरजण लावावं का, हा प्रश्न मला पेडिओकॉकसच्या कुठल्याही गुणावगुणापेक्षा मोठा वाटला. लॅक्टोबॅसिलसच्या पुडीने तीन आठवड्यांत बिअर झाली असती, आम्ही ती पिऊन बाटल्या धुऊन ठेवल्या असत्या. नवरा म्हणाला, तुझ्या हातातली कादंबरी तरी दीड वर्षात होणार आहे का? ती सहाशे पानांची होती आणि प्रकाशक अजून ठरलेला नव्हता. मी सावकाशीची बाजू घेतली. धाडस वगैरे नव्हतं त्यात. तीन आठवड्यांच्या चवीसाठी वीस लिटर पाणी उकळायला मला कंटाळा आला असता, एवढंच.

गेल्या वर्षी जानेवारीत वीस लिटर वर्ट केलं आणि दहा-दहा लिटरच्या दोन काचेच्या बुधल्यांत भरलं. हॉप्स अगदी थोडे, कारण त्यांच्या कडवटपणाने लॅक्टोबॅसिलस वाढत नाही. आतड्यातल्या भाऊबंदांना दाराबाहेर ठेवण्यासाठी दोन्हींत आधीच थोडं लॅक्टिक आम्ल घालून सामू साडेचारच्या खाली आणला; घरच्या बिअरमध्ये त्या पहिल्या महिन्याचा सोस मला नव्हता. पहिल्या बुधल्यात रूसलारेचं पाकीट. दुसऱ्यात साधं बेल्जियन यीस्ट आणि तीन बाटल्यांचा गाळ. दोन्ही बुधले, शिक्षकांच्या परवानगीने, तळघरात त्यांच्या बाटल्यांशेजारी.

पहिला आठवडाभर फसफस, मग शांतता. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या बुधल्यावर साय धरली. या सायीला इंग्रजीत पेलिकल असं वैद्यकीय नाव आहे. पांढरी, सुरकुतलेली, मधेच फुगे आलेली, ती साय नाही तर काय? आतली मंडळी वरच्या हवेपाशी ती धरतात. हवा लागली तर ब्रेट मद्याचं व्हिनेगर करायला घेतं. म्हणून बुधल्याच्या तोंडावरच्या वाफनळीतलं पाणी आटू द्यायचं नाही आणि उठसूट झाकण काढून वास घ्यायचा नाही. मुरवणाऱ्याचं शहाणपण बरचसं न बघण्यात आहे.

पाचव्या महिन्यात पहिल्या बुधल्याला तार सुटली. नळीने थोडी बिअर काढली तर ती थेंब थेंब पडेना, भेंडीसारखी ओढली गेली. हे पेडिओकॉकसचं काम. त्यातले काही वाण चिकट साखळ्या तयार करतात, आणि जोडीला डायअसिटिल, ज्याचा वास वितळलेल्या लोण्यासारखा येतो. बिअर करणारे म्हणतात बिअर आजारी पडली. उपाय एकच, काही करायचं नाही. ब्रेट त्या चिकट साखळ्या आणि लोण्याचा वास दोन्ही खाऊन टाकतं. म्हणूनच पेडिओकॉकस निवडला तर ब्रेट निवडावंच लागतं, हा या निवडीतला एकमेव पक्का नियम मी सांगू शकते. नवव्या महिन्यात तार गेली आणि बिअर पाण्यासारखी नितळली. मधल्या काळात करारही एका वर्षाने वाढला. त्या दोन्हींचा परस्परसंबंध नाही, पण घरात दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात साजऱ्या झाल्या.

चव सांगायची तर मला मराठीत फार अडचण पडली नाही, उलट इंग्रजीपेक्षा सोपं गेलं. इंग्रजीत आंबट म्हणजे आंबट. आपल्याकडे आंबूस आहे, आंबटगोड आहे, आंबटढाण आहे, आंबलेलं आहे, आणि जे धड लागलं नाही त्या दह्यासाठी अदमुरं आहे. सहा महिन्यांची लॅम्बिक अदमुरीच असते. हा शब्द मी तळमजल्यावरच्या शिक्षकांना शिकवला, ते तो ‘आदमूर’ असा म्हणतात. ब्रेटच्या वासाला मात्र बिअरची पुस्तकं ‘घोड्याच्या पाठीवरचं घोंगडं’ म्हणतात. तो वास ४-इथाइलफिनॉल आणि ४-इथाइलग्वायकॉल या दोन रसायनांचा. मी घोड्यावर कधी बसलेले नाही. मला तो पावसाळ्यात बंद राहिलेल्या लाकडी कपाटाचा वाटला, कुबट, त्यात कुठेतरी गोठा आणि मागे संत्र्याची साल. कुबट हा शब्द आपण कधी कौतुकाने वापरत नाही. जुन्या पुस्तकांच्या वासाबद्दल बोलतानाही ‘एक प्रकारचा छान वास’ असं गुळमुळीत म्हणतो, खरं तर तोही कुबटच असतो. हा वास नको असेल त्याने ब्रेटच्या वाटेला जाऊ नये. फक्त आंबटपणाच हवा असणाऱ्याने ब्रेट घेऊन मग नाक धरणं म्हणजे हिंग नको म्हणत फोडणी मागण्यासारखं आहे.

आता सतरा महिने झाले. रूसलारेच्या पाकिटाची बिअर गोलसर आहे, चेरी आणि किंचित व्हिनेगर, मागे गोडसर. अनोळखी माणसालाही पहिल्या घोटात आवडेल. गाळाच्या विरजणाची जास्त तीक्ष्ण, लिंबासारखी, तुरट, आणि तो कपाटाचा वास. सामू ३.३. ती शिक्षकांच्या बाटल्यांसारखी लागत नाही, आणि तिने तसं लागावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. शेजारणीच्या विरजणाचं दही आपल्या घरी आपल्या दुधाचं लागतं. मला दुसरी जास्त आवडते. नवऱ्याला पहिली. आईला मी दोन्हींचे फोटो पाठवले, तिने साय बरी धरली आहे एवढंच कळवलं.

करार सप्टेंबरअखेर संपतो आणि या वेळी वाढणार नाही. जुलैत दोन्ही बिअर बाटल्यांत भरायच्या आहेत. काही बाटल्या निव्वळ एकेकीच्या, काहींत दोन भाग पहिली आणि एक भाग दुसरी. बाटल्या जाड काचेच्या, ग्यूझच्याच रिकाम्या, कारण ब्रेट बाटलीतही खात राहतं आणि पातळ काच फुटते. बाटलीत वायू धरायला आणखी दोन-तीन महिने लागतील, म्हणजे आम्ही निघताना त्या जेमतेम तयार असतील. सामानात दोन, फार तर तीन बसतील. बाकीच्या तळघरात राहतील, शिक्षकांच्या बाटल्यांच्या रांगेत, मानेला दोरा बांधून.

दुसरा बुधला मी पूर्ण रिकामा करणार नाही. दोन बोटं बिअर आणि तळाचा सगळा गाळ तसाच ठेवते आहे. शिक्षकांना ऑक्टोबरात त्यावर दहा लिटर नवं वर्ट ओतायचं आहे. उकळायचं कसं, निववायचं कसं, हे मी त्यांना डचमध्ये एका कागदावर लिहून दिलं, त्यांनी व्याकरणाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून तो तळघराच्या दारामागे चिकटवला. दररोज खाली येऊन पाहावं लागेल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, पंधरा दिवसांतून एकदा नळीतलं पाणी तेवढं बघा.